घर गेल्यानंतर मूल खेळात तेच घर पुन्हा उभारते: थांबवावे की चालू द्यावे?

पारिजातक (प्रश्न)

नमस्कार. माझ्या बहिणीचे राहते घर काही काळापूर्वी आगीत पूर्णपणे जळाले. घरातील सर्व माणसे सुखरूप बाहेर पडली, ही मोठीच गोष्ट. परंतु अंगावरच्या कपड्यांखेरीज फारसे काही उरले नाही. सध्या बहीण, मेहुणे, बहिणीच्या सासूबाई आणि दोन्ही मुले आमच्याकडे राहत आहेत आणि भाड्याच्या घराचा शोध चालू आहे.

भाची सात वर्षांची आहे. ती रोज संध्याकाळी चादरी, उशा आणि पुठ्ठ्याची खोकी घेऊन आमच्या बैठकीच्या खोलीत ‘आमचे घर’ मांडते. खिडकी कोठे होती, आजीची खुर्ची कोणत्या भिंतीला टेकलेली असे, बाबांच्या चपला दाराच्या कोणत्या बाजूला असत, हे सारे तिला बिनचूक आठवते आणि त्यात कोणी चूक केली तर ती मनापासून रागावते. त्या घराबद्दल ती नेहमी वर्तमानकाळातच बोलते. अलीकडे तिने त्या घराला एक वरचा मजलाही जोडला आहे, जो मूळ घराला कधीच नव्हता. भाचा अकरा वर्षांचा आहे. तो या खेळात भाग घेत नाही, ‘ते घर आता नाही’ असे तोडून बोलतो, आणि एकदा त्याने तिची मांडामांड पायाने उधळूनही लावली. दिवसा तो गप्प असतो आणि रात्री झोपण्यापूर्वी घरातील विजेची सर्व बटणे पुन्हा पुन्हा तपासतो.

घरात यावरून दोन मते आहेत. आजींना वाटते की जुन्या घराचे नावच काढू नये, म्हणजे मुले हळूहळू विसरतील. मेहुण्यांना वाटते की खेळू द्यावे. मला विचारायचे आहे ते असे: हा खेळ थांबवावा का? मुलांना जळालेली जागा दाखवावी का? आणि जो मुलगा खेळतच नाही, त्याच्यासाठी काय करता येईल?

ओसरी

मी लहान मुलांच्या समुपदेशनाचे काम करते, त्यामुळे आधी आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते: खेळ थांबवू नये. जे आपल्याला दुःख उगाळणे वाटते, ते बहुतेक वेळा मुलाचे दुःख समजून घेण्याचे काम असते. मोठी माणसे घडलेल्या गोष्टीबद्दल कोणाजवळ तरी बोलतात, पुन्हा पुन्हा तेच सांगतात आणि सांगता सांगता त्या गोष्टीला मनात जागा करून देतात. सात वर्षांच्या मुलीजवळ त्यासाठी पुरेसे शब्द नसतात. तिच्याजवळ चादरी आणि खोकी असतात.

तरीही सगळा खेळ सारखाच असतो असे नाही, आणि यासंबंधीचे एक जुने निरीक्षण मला आपल्या प्रसंगाशी फार जवळचे वाटते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्बहल्ले होत असताना ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोघी बालमनोविश्लेषकांनी बेघर झालेल्या व घरच्यांपासून दूर राहावे लागलेल्या मुलांसाठी हॅम्पस्टेड भागात पाळणाघरे चालवली आणि तेथील मुलांच्या अतिशय तपशीलवार नोंदी ठेवल्या. तेथील मुले कागदाची घरे करत आणि त्यांच्यावर गोट्या टाकून ती पाडत. गोट्या म्हणजे बॉम्ब. बहुतेक मुलांचा हा खेळ काही काळाने आपोआप ओसरला. एका लहान मुलाचा मात्र ओसरेना. त्याचे वडील हवाई हल्ल्यात मारले गेले होते आणि तो ते मान्य करत नव्हता. त्याच्या खेळात प्रत्येक वेळी सर्व माणसे वाचत आणि पडलेले प्रत्येक घर पुन्हा बांधले जाई. काही महिन्यांनी जेव्हा तो वडिलांच्या मृत्यूबद्दल स्वतःच्या तोंडाने बोलला, तेव्हा तो खेळही थांबला.

आता आपल्या भाचीकडे पाहा. ती घर मांडते म्हणून चिंता करण्याचे कारण नाही. ते घर जळाले हे तिला ठाऊक आहे का आणि ती ते कधी तरी बोलू शकते का, एवढेच पाहायचे आहे. नव्याने जोडलेल्या मजल्याची आपण केलेली नोंद मला सर्वांत आश्वासक वाटली. खेळ बदलतो आहे, त्यात जे कधी नव्हते ते येऊ लागले आहे, म्हणजे ती केवळ मागचे जपून ठेवत नसून पुढचेही काही रचते आहे. घरातील मोठ्यांनी या खेळात बोलावले तर जावे, सांगितलेल्या जागी बसावे, पण सूत्रे हाती घेऊ नयेत. ‘आता आपण आग विझवण्याचा खेळ खेळू या’ असे सुचवण्याचा मोह होतो, तो टाळावा. वर्तमानकाळ दुरुस्त करत बसण्याचीही गरज नाही. मात्र खेळाबाहेर तिने सरळ विचारले, की आपले घर आहे ना, तर उत्तरही सरळ द्यावे: ते घर जळाले, ते परत येणार नाही, आणि आपण सगळे एकत्र आहोत.

चिंतेची खूण वेगळी असते. १९७६ मध्ये अमेरिकेतील चौचिला येथे शाळेच्या बसमधील २६ मुलांचे अपहरण झाले होते. सर्व मुले जिवंत परतली. लेनोर टेर या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांनी त्या मुलांचा पुढे अनेक वर्षे अभ्यास केला आणि काही मुलांच्या खेळाचे एक विशिष्ट रूप वर्णन केले. तो खेळ तोच तो, अगदी ठरावीक क्रमाने आणि आनंदाविना चालतो, आणि खेळून झाल्यावर मूल मोकळे न होता अधिकच ताणलेले दिसते. भाचीचा खेळ त्या दिशेने जाऊ लागला, त्यात खरी काडेपेटी येऊ लागली, किंवा महिना उलटून गेल्यावरही झोप, जेवण आणि शाळा यांपैकी काहीच रुळावर येत नसेल, तर प्रत्यक्ष तज्ज्ञाकडे जावे. भाच्याचे बटणे तपासणे मी तूर्त समजण्याजोगे मानते. ते तो एकट्याने करतो आहे, ही गोष्ट मात्र मला खटकते. रात्रीची ती फेरी कोणी तरी त्याच्याबरोबर, दोघांचे ठरलेले काम म्हणून, एकदाच आणि नीट करावी.

दूरचा किनारा

आमचे गाव धरणाच्या पाण्याखाली गेले तेव्हा मी साधारण आपल्या भाच्याच्या वयाचा होतो. आग आणि धरण यांत फरक आहे. आम्हांला आधी माहीत होते, निरोप घ्यायला वेळ मिळाला, सामानही हलवता आले. त्यामुळे माझा अनुभव जसाच्या तसा लागू पडेल असे मी म्हणणार नाही. परंतु एका बाबतीत तो उपयोगी पडेल असे वाटते, आणि ती बाब वरच्या उत्तरात आलेली नाही.

घरासाठी मी फारसा रडलो नाही. मला तुटल्यासारखे वाटले ते नव्या वसाहतीत आमच्या शेजारचे कोणीच आमच्या शेजारी नव्हते म्हणून. भूखंड ज्या क्रमाने वाटले गेले त्या क्रमाने माणसे विखुरली. ज्या मुलांबरोबर मी नदीवर जात असे, त्यांतील काही दुसऱ्याच वसाहतीत गेली. आईवडिलांना घर बांधण्याची घाई होती, आणि आमचे जग आम्ही मुलांनी परस्पर पुन्हा जोडले. सुट्टीत जी कोणी भेटत ती मिळून आम्ही जुन्या गावाचा नकाशा काढत असू. एकाला देवळामागची वाट आठवे, दुसऱ्याला कोणाच्या गोठ्यात किती गुरे होती ते. त्यावरून भांडणे होत आणि त्या भांडणांत खरी मजा असे. कोणाही एकाच्या डोक्यात सबंध गाव नव्हते. ते सगळ्यांना मिळूनच आठवत होते.

हा केवळ माझा समज नाही. १९७२ मध्ये अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात बफेलो क्रीक नावाच्या खोऱ्यात कोळसा खाणीचा बांध फुटला, १२५ माणसे मेली आणि खोऱ्यातील सुमारे पाच हजार रहिवाशांपैकी चार हजार बेघर झाले. सरकारने तात्पुरती घरे तत्परतेने दिली, पण कोण कोणाचा शेजारी होता हे न पाहता दिली. काई एरिक्सन या समाजशास्त्रज्ञांनी त्या लोकांच्या भेटी घेऊन असे मांडले की पुराने माणसांना एक धक्का दिला आणि शेजार तुटण्याने दुसरा, आणि दुसरा धक्का पहिल्याइतकाच खोल होता. डोक्यावर छप्पर असूनही लोकांना आपण कोठेच नाही असे वाटत राहिले.

म्हणून माझी सूचना अशी आहे की आपल्या भाचीच्या चादरींच्या घरात तिच्या जुन्या शेजारची एखादी मैत्रीण बसू शकेल का, हे पाहावे. भाच्याचे जुने मित्र कोठे आहेत? आगीनंतर त्यांची भेट झाली आहे का? अकरा वर्षांचा मुलगा घरातल्या मोठ्यांजवळ जे बोलत नाही, ते मित्राजवळही कदाचित बोलणार नाही. पण मित्राबरोबर तो खेळेल, आणि त्याला आत्ता बोलण्याइतकीच खेळाची गरज आहे. भाड्याचे घर शोधताना शाळा बदलू नये आणि जुनी आळी चालत जाण्याच्या अंतरावर राहावी, यासाठी एखादी खोली कमी असलेले घरही मी पसंत करीन.

रंगपेटी

मी मुलांना चित्रकला आणि नाट्य शिकवते. वरील दोन्ही उत्तरे वाचताना मला इतिहासातील दोन माणसे सतत आठवत होती, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

पहिल्या फ्रीडल डिकर-ब्रँडाइस. व्हिएन्नात जन्मलेल्या, बाउहाउस या कलासंस्थेत शिकलेल्या या चित्रकर्तीला डिसेंबर १९४२ मध्ये नाझींनी तेरेझिन येथील, ज्यूंना डांबलेल्या बंदिस्त वस्तीत पाठवले. तेथे त्यांनी मुलांचे चित्रकलेचे वर्ग चालवले. कागद मिळेल तो, अनेकदा कचेरीतील वापरलेला. मुलांना त्यांनी छावणीची चित्रे काढायला भाग पाडले नाही. मुलांनी फुले काढली, टेबले काढली, घरे काढली, घरांच्या खिडक्या काढल्या. आणि प्रत्येक चित्रावर मुलाने स्वतःचे नाव लिहावे असा त्यांचा आग्रह असे. जेथे माणसाची ओळख छावण्यांकडे पाठवायच्या माणसांच्या यादीतील क्रमांकापुरती उरली होती, तेथे या आग्रहाला किती अर्थ असेल याची कल्पना करावी. ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांना आउश्वित्झला नेऊन मारण्यात आले. त्यापूर्वी सुमारे साडेचार हजार चित्रे दोन सुटकेसमध्ये भरून लपवली गेली होती; ती आज प्राग येथील ज्यू संग्रहालयात आहेत.

दुसरे यानुश कोर्चाक, पोलंडमधील डॉक्टर आणि बालशिक्षणतज्ज्ञ. वॉर्साच्या बंदिस्त वस्तीतील त्यांच्या अनाथाश्रमात मुलांनी १८ जुलै १९४२ रोजी रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ हे नाटक केले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच कोर्चाक आणि ती मुले यांना ट्रेब्लिंका येथील मृत्यूछावणीत नेण्यात आले. हे नाटक मृत्यूला शांतपणे सामोरे जाता यावे यासाठी निवडले, असे या निवडीबद्दल बहुधा सांगितले जाते. ते खरे असेलही. पण मुलांबरोबर नाटक बसवणारी व्यक्ती म्हणून त्या नाटकातील दुसरीच गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आजारी अमलला घराबाहेर पडण्याची बंदी आहे आणि तो खिडकीशी बसून दूरदूरच्या मुलखांची स्वप्ने पाहतो, एवढेच आपल्याला आठवते. त्या खिडकीसमोर माणसे थांबतात, हे आपण विसरतो. दहीवाला थांबतो, पहारेकरी थांबतो, फुले वेचायला निघालेली सुधा थांबते, खेळायला निघालेली पोरे थांबतात. प्रत्येक जण त्याच्या कल्पनेला काही तरी देऊन जातो: एक डोंगर, एक घंटा, परत येण्याचे एक वचन. रस्ता रिकामा असता तर अमलला कसली स्वप्ने पडली असती?

या दृष्टीने ‘खेळू द्यावे की नाही’ या प्रश्नापेक्षा ‘त्या खेळापाशी कोण थांबते’ हा प्रश्न मला मोठा वाटतो. भाचीने मांडलेल्या घरात आजींना खरोखरच त्यांच्या खुर्चीच्या जागी बसवावे. ज्यांना घराचे नावही नको आहे, त्यांच्याच आठवणीत त्या घराचा सर्वांत जुना भाग असेल: ते कोणी बांधले, आधी तेथे काय होते. नात त्यांना विचारील आणि त्या सांगतील, अशी मला तरी आशा आहे.

स्पष्टवक्ता

वरच्या उत्तरांतील माहिती चांगली आहे, पण तिचा सूर मला थोडा अस्वस्थ करतो. तेरेझिनमधील ज्या मुलांची चित्रे आपण आज भारावून पाहतो, त्यांतील बहुतेक मुले मारली गेली. कोर्चाकांची मुलेही मारली गेली. कल्पनाशक्तीने त्यांना वाचवले नाही. आग लागून घर गेलेल्या दोन मुलांच्या प्रश्नाला हे दाखले दिले की नकळत असे सुचवले जाते की मुले चित्रे काढतील, नाटके करतील आणि त्यांचे भले होईल. मी आपत्ती-निवारणाच्या कामात काही काळ होतो. तेथे रंगीत खडूंचे खोके वाटून छायाचित्रे काढून घेणारे पुष्कळ भेटतात; तीच मुले पुढच्या पावसाळ्यात कोठे झोपणार, याचे उत्तर देणारे कमी भेटतात.

प्रश्नाचा आकारही लक्षात घ्यावा. युनिसेफच्या २०२३ च्या अहवालानुसार २०१६ ते २०२१ या सहा वर्षांत केवळ हवामानाशी संबंधित आपत्तींमुळे मुलांच्या विस्थापनाच्या ४ कोटी ३१ लाख घटना घडल्या, आणि त्यांतील बहुसंख्य पूर व वादळांमुळे होत्या. यांत युद्धे नाहीत, घरे पाडणे नाही, भाडे थकल्याने घराबाहेर काढणे नाही. नातेवाइकांकडे आसरा घेतलेली कुटुंबे तर अनेकदा कोणत्याच यादीत येत नाहीत, कारण ती छावणीत दिसत नाहीत. पारिजातक यांच्या बहिणीचे कुटुंब नेमके असेच आहे.

संकटग्रस्त मुलांसाठी खेळण्याच्या सुरक्षित जागा उभारण्याची आजची पद्धत युनिसेफने १९९९ मध्ये अल्बानियात आलेल्या कोसोव्होच्या निर्वासित मुलांसाठी सुरू केली आणि पुढे ती जगभर पसरली. मी अशा जागा पाहिल्या आहेत आणि त्यांचा उपयोग होतो, हे मान्य करतो. पण त्यांच्या मूल्यमापनात लहान मुलांना होणारा फायदा जितका स्पष्ट दिसतो तितका मोठ्या मुलांच्या बाबतीत दिसत नाही. अकरा वर्षांच्या मुलाला उशांच्या घरात बोलावणे निरुपयोगी आहे. तो बरोबर बोलतो आहे: ते घर आता नाही. सगळ्या घरात तेवढे एक वाक्य स्पष्टपणे म्हणणारा तोच आहे आणि त्यामुळे तोच वाईट ठरतो आहे.

त्याला खरे काम द्यावे. १९४३ मध्ये, डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात असताना, कोपनहेगनजवळ एम्ड्रुप येथे सोरेनसेन या उद्यानरचनाकाराच्या कल्पनेतून एक मैदान उघडले. तेथे झोपाळे किंवा घसरगुंड्या नव्हत्या. लाकडे, विटा, खिळे आणि हत्यारे होती आणि मुले स्वतः झोपड्या बांधत. युद्धानंतर लेडी ॲलन या ब्रिटिश उद्यानरचनाकार बाईंनी ते पाहिले आणि ब्रिटनमध्ये बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या मोकळ्या जागांवर अशीच मैदाने करण्याची चळवळ उभारली. ज्या ढिगाऱ्याने घर गिळले, त्याच ढिगाऱ्यावर मुलांनी हातोडी चालवली. अकरा वर्षांच्या मुलाला पेलवणारी कल्पनाशक्ती ही अशी असते. तिला खिळे लागतात.

आणि सर्वांत आधी बहीण व मेहुणे यांच्याकडे पाहा. मुले आईवडिलांच्या चेहऱ्यावरून संकटाचा अंदाज घेतात. विम्याचे किंवा नुकसानभरपाईचे कागद, बँक, घराचा शोध यांतील काही ओझे आपण उचलले, तर मुलांसाठी आपण कोणत्याही खेळापेक्षा जास्त केले असे होईल.

रंगपेटी

स्पष्टवक्ता यांचा मुख्य आक्षेप मला मान्य आहे, पण मी चित्रांना औषध म्हटले नव्हते. डिकर-ब्रँडाइस यांना आपण मुलांना वाचवू शकत नाही हे बहुधा पुरते माहीत होते. तरीही मुले ज्या दिवशी जिवंत आहेत, तो दिवस त्यांच्या मालकीचा असावा, एवढ्यासाठी त्या शिकवत राहिल्या असे मी समजते. पावसाळ्यात मूल कोठे झोपणार हे आधी ठरले पाहिजे, यात वाद नाही. ते ठरेपर्यंतच्या संध्याकाळी मात्र मुलांना जगाव्याच लागतात.

खिळे-हातोडीची सूचना उत्तम आहे. तिला एक जोड देते: भाच्याला नव्या भाड्याच्या घराचा मोजपट्टीने मापे घेऊन खरा आराखडा काढू द्यावा, आणि कोणती वस्तू कोठे ठेवायची हे ठरवताना मोठ्यांनी तो आराखडा प्रत्यक्ष वापरावा. विजेची बटणे, धुराची सूचना देणारे यंत्र आणि बाहेर पडण्याच्या वाटा त्यात त्यानेच दाखवाव्यात. त्याची काळजी मग रात्रीच्या फेऱ्यांऐवजी कागदावर उतरेल.

पारिजातक

सर्वांचे मनापासून आभार. आराखड्याची गोष्ट मी भाच्याजवळ काढली. त्याने फक्त ‘मोजपट्टी आहे का?’ असे विचारले. त्याच्याकडून एवढा प्रतिसादही अलीकडे मिळत नव्हता. जुन्या शेजारच्या मैत्रिणीला रविवारी बोलावले आहे. आजी अजून खुर्चीच्या जागी बसलेल्या नाहीत, पण नातीने खुर्चीची जागा चुकवली तेव्हा त्यांनी ती आपण होऊन दुरुस्त केली.

दोन प्रश्न राहतात. भाचा जळालेली जागा पाहायची म्हणतो आणि बहिणीला स्वतःला ते सहन होईल असे वाटत नाही. दुसरे म्हणजे, भाचीने काल विचारले की नव्या घराला वरचा मजला असेल ना. मी गप्प राहिले, कारण खोटे सांगवेना आणि नाही म्हणवेना.

दूरचा किनारा

जागेबद्दल माझे मत दाखवावी असेच आहे. आमच्या धरणाचे पाणी उन्हाळ्यात ओसरले की जुन्या देवळाचा चौथरा वर येई. पहिल्यांदा वडील मला तेथे घेऊन गेले तेव्हा मला फार वाईट वाटले आणि त्याच वेळी हायसेही वाटले. न पाहिलेली जागा मनात रोज वेगवेगळ्या प्रकारे बुडत असते.

ओसरी

जागा दाखवण्याविषयी मीही सहमत आहे, काही पथ्ये पाळून. आधी एखाद्या मोठ्या माणसाने जाऊन ती सुरक्षित आहे का ते पाहावे: पडायला आलेल्या भिंती, काचा, उघड्या तारा. मग तेथे काय दिसेल, कसला वास येईल, काय उरलेले नाही, हे भाच्याला जाण्यापूर्वी साध्या शब्दांत सांगावे. दिवसा जावे, थोडा वेळ थांबावे, आणि त्याने ‘चला’ म्हटले की लगेच निघावे. बहिणीने जाण्याची सक्ती नाही; मेहुणे किंवा आपण गेलात तरी चालेल. आईसमोर आपण कोसळू नये म्हणून मुले स्वतःला फार आवरून धरतात, त्यामुळे त्याला दुसऱ्या कोणाबरोबर जाणे कदाचित सोपेही वाटेल. एखादी हाती लागणारी वस्तू, फरशीचा तुकडा किंवा दाराची कडी, आणावीशी वाटली तर आणू द्यावी. परतल्यावर ‘कसे वाटले’ म्हणून खोदून विचारू नये. घडलेला प्रसंग लगेच सविस्तर बोलायला लावण्याची पद्धत आज जागतिक आरोग्य संघटनाही सुचवत नाही. २०११ च्या तिच्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेचा सारा भर पाहणे, ऐकणे आणि माणसाला योग्य मदतीशी जोडून देणे यांवर आहे. भाचीला जायचे नसेल तर तिला नेऊ नये. तिने विचारले तर भावाने काय पाहिले ते तोच तिला सांगेल, आणि तो जे सांगेल ते ती आपल्यापेक्षा त्याच्याकडून अधिक सहज घेईल.

वरच्या मजल्याबद्दल: गप्प राहिलात म्हणून स्वतःला दोष देऊ नका. असा प्रश्न आला की आधी ‘वरच्या मजल्यावर काय असेल?’ असे विचारावे आणि ती सांगेल ते नीट ऐकावे. तेथे ती एकटी झोपणार असेल, की सगळे एकत्र झोपणार असतील, की आग पोहोचू शकणार नाही म्हणून तो मजला असेल, यावर पुढचे उत्तर अवलंबून आहे. मग जे खरे आहे ते सांगावे: नवे घर भाड्याचे असेल, त्याला वरचा मजला असेल की नाही हे आपण निवडू शकू असे नाही, पण तिच्या खेळातल्या घराला तो नक्की राहील आणि खोकी नव्या घरी बरोबर येतील. जे वचन पाळता येईल तेच द्यावे. घर गेलेल्या मुलाला तुटलेले दुसरे वचन फार महाग पडते.

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. दोघांच्याही वर्गशिक्षकांना भेटून काय घडले ते सांगावे, आणि ‘माझे घर’ या विषयावरील निबंध किंवा चित्र वर्गात देण्यापूर्वी आपल्याला कळवावे अशी विनंती करावी. मुलांना त्यातून सूट मिळावी म्हणून हे नाही. कोणत्या घराबद्दल लिहायचे हे त्यांना आधी ठरवता यावे म्हणून आहे.